बोटीवर चहा कुणी करायचा?

(बुवापाडा, अंबरनाथ इथल्या महिला बचत गटाने सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही बुवापाड्यातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. माइकसमोर आवाज एकीचाच आहे, पण बाकीच्या इथे बाकावर बसल्या आहेत आणि काही चुकलं तर मागून चिमटा बसणार आहे. म्हणून 'आम्ही'.

आज सहलीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, सहलीचं काय एवढं रेडिओवर सांगायचं? पण आमच्या गटात या सहलीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी कर्जाच्या हप्त्यावरूनही कधी झाली नव्हती. तेव्हा ऐका.

आमच्यातल्या एक काकू बदलापूरला एका आजींकडे स्वयंपाकाला जातात. आजींची मुलगी परदेशात असते. तिने आईला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. ती आणि तिचे यजमान फ्रान्समध्ये बोटीतून सुट्टीला गेले होते. समुद्रातली बोट नाही हं, कालव्यातली. दोन्ही काठांना झाडं, झाडांमागे द्राक्षांचे मळे, आणि मधून एक लांबलचक बोट इतकी हळू चाललेली की काठावरचा सायकलवाला पुढे निघून जातोय. बोटीच्या छपरावर टेबल, टेबलावर पांढरी चादर, ताटलीत चीज, पाव, द्राक्षं. एक मुलगी एप्रन बांधून ट्रे घेऊन येते आणि सगळ्यांना चहा-कॉफी देते.

काकूंनी तो व्हिडिओ मागून घेतला आणि आमच्या शनिवारच्या बैठकीत दाखवला. सगळ्या डोकं घालून बघत होतो. तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "पण बोटीवर चहा कुणी करायचा?" काकू म्हणाल्या, "अगं, तो करायला माणसं ठेवलीत. पाहुण्यांनी नुसतं बसायचं." दोन क्षण कुणी बोललंच नाही. बायका सहलीला गेल्यात आणि त्यांच्यातल्या एकीच्याही हाताला पीठ लागलेलं नाही, असं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आम्ही जेजुरीला गेलो तेव्हा डबे आमचेच होते, शिर्डीला गेलो तेव्हाही चपात्या पहाटे तीनला उठून आम्हीच लाटल्या होत्या.

आमच्यातल्या एका मावशींचं माहेर मुंब्र्याच्या रेतीबंदरचं. त्यांनी बोट नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर बार्ज! आमचे बाबा यावर होते. यात रेती भरतात, माणसं नाही." आम्ही हसलो. पण काकूंच्या नातवाने शोधून वाचून दाखवलं तेव्हा कळलं की मावशींचंच बरोबर. फ्रान्समध्ये 1879 साली कायदा करून मुख्य कालव्यांची मापं एकसारखी ठरवली. त्या मापात बसेल अशी साधारण साडेअडतीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद बोट मग सगळीकडे फिरायला लागली. तिला तिकडे पेनिश म्हणतात. तिच्या पोटात कोळसा, धान्य, रेती, वाईनची पिंपं भरायची आणि बोटवाल्याचं अख्खं कुटुंब मागच्या टोकाला एका खोलीत राहायचं. पुढे माल रेल्वेने आणि नंतर ट्रकने जायला लागला. बोटी रिकाम्या पडल्या. मग त्या पोटात खोल्या काढल्या, न्हाणीघरं बसवली, मालाच्या जागी पाहुणे आले. आता त्या बोटीवर आठवडाभर राहायचं तर माणशी चार-पाच लाखांच्या घरात जातं, विमानाचं वेगळं. मावशी म्हणाल्या, "बाबांना सांगायला हवं होतं, रेती काढून टाका, गाद्या टाका."

त्या बोटी आधी इंजिनावर चालत नव्हत्या. काठाकाठाने वाट असायची आणि तिच्यावरून घोडे दोराने बोट ओढायचे. ज्या कुटुंबाला घोडा परवडत नसे तिथे बोटवाल्याची बायको आणि मुलं छातीला रुंद पट्टा लावून बोट ओढायची. त्याची जुनी छायाचित्रं आहेत. वाकलेली बाई, तिच्यामागे ताणलेला दोर, आणि त्या दोराच्या टोकाला केवढी तरी थोरली बोट. ज्या वाटेवरून ती चालत होती त्याच वाटेवर आता पाहुणे सायकली चालवतात.

आता बोट डोंगर कशी चढते, हे आम्हाला समजायला वेळ लागला. कालवा म्हणजे आपल्या डोक्यात पाट. पाटाला पाणी उताराने जातं, वर कसं चढणार? त्याची युक्ती अशी. पाण्याचा एक मोठा हौद, दोन्ही बाजूंना लाकडी किंवा लोखंडी दारं. बोट खालच्या दाराने आत शिरली की दार लावायचं, वरच्या बाजूचं पाणी हौदात सोडायचं. पाणी चढलं की बोट आपोआप वर येते. मग वरचं दार उघडायचं आणि पुढे जायचं. उतरताना उलट. त्याला लॉक म्हणतात. बरगंडी नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे, तिथल्या कालव्याची लांबी 242 किलोमीटर आणि त्यावर असे 189 हौद आहेत. प्रत्येक हौदापाशी थांबायचं, दार उघडेपर्यंत वाट बघायची. मग घाई करणार कशी? श्रीमंत माणसं एवढे पैसे मोजतात ते हळू जाण्यासाठी. आमच्यातल्या एकीला अंबरनाथहून सातची फास्ट लोकल पकडायची असते रोज. ती म्हणाली, "मला फुकट दिलं तरी चालेल हळू जायला."

दक्षिणेकडे दुसरा एक कालवा आहे, कनाल द्यू मिदी. हा जुना आणि नावाजलेला. 1666 साली चौदाव्या लुई राजाने त्याला परवानगी दिली आणि 1681 साली तो सुरू झाला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा काळ. 240 किलोमीटर लांब. पियेर-पॉल रिके नावाच्या माणसाने तो बांधायला घेतला. हा काही इंजिनिअर नव्हता, मिठाचा कर गोळा करणारा अधिकारी होता. कालव्यापायी तो कर्जात बुडाला आणि कालवा उघडायच्या आधी काही महिने, 1680 साली वारला. 1996 साली युनेस्कोने त्या कालव्याला जागतिक वारशाचा मान दिला.

यात आम्हाला धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच होती. चंद्रा मुखर्जी नावाच्या अभ्यासक बाईंनी या कालव्यावर पुस्तक लिहिलंय, 2009 साली ते निघालं. त्यांनी दाखवलंय की या कामावर पिरेनीज डोंगरातल्या गावच्या बायका मजूर म्हणून आल्या होत्या. सुरुवातीला त्यांना धरणावर टोपल्यांनी माती वाहायला लावलं. पण डोंगरातल्या त्यांच्या गावांत गरम पाण्याच्या झऱ्यांवर जुन्या रोमन लोकांच्या वेळेपासून पाणी खेळवायची विद्या चालत आली होती. कुठून पाणी वळवायचं, किती उतार ठेवायचा, कुठे झिरपेल, हे त्यांना हातातलं होतं. साहेब लोकांचं गणित अडलं तिथे या बायकांचं ज्ञान उपयोगी पडलं, डोंगरातून कालव्याला पाणी पुरवणारी वाट त्यांनी जमवली. बेझिये गावाजवळ सलग आठ हौदांचा पाण्याचा जिना आहे, जवळपास 21 मीटर चढतो. त्या कामातही या बायका होत्या, असं त्या लिहितात. बांधणाऱ्यांच्या यादीत नाव मात्र रिकेसाहेबांचं. वर्तमानपत्रात आपल्या गावच्या पाणी योजनेचं उद्घाटन छापून येतं, त्यात नळावर रांग लावणारीचं नाव कधी पाहिलंय का?

रिकेसाहेबांचं एक मात्र मानायला पाहिजे. माणसं टिकावीत म्हणून त्यांनी मजुरांना महिन्याचा पगार ठरवला आणि रविवार, सणाचे दिवस, पावसाने काम बंद पडलेले दिवस, आजारपणाचे दिवस, सगळे पगारात धरले. साडेतीनशे वर्षांपूर्वी! पुढे 1936 साली फ्रान्सने कायदाच केला की प्रत्येक कामगाराला वर्षात दोन आठवडे पगारी सुट्टी. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आज तिथे पाच आठवडे मिळतात.

हे वाचून झालं तेव्हा आमच्या हातात कात्र्या होत्या. आमच्यातल्या निम्म्या जणी उल्हासनगरच्या जीन्सचं काम घरी आणतात. शिवून आलेल्या पँटचे लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, नगावर पैसे. पँट कापली तर पैसा, नाही कापली तर नाही. ताप आला तर पैसा नाही, गणपतीला नाही, पोरीच्या लग्नाला नाही. आपल्याकडेही 1948 च्या कारखाना कायद्यात 20 दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा लिहिली होती, पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आत. आमचं फाटक म्हणजे उंबरा. "आपल्याला रजा कोण देणार?" असं एकीने विचारलं आणि दुसरी म्हणाली, "आपणच घेऊ. गटाच्या व्याजाचे पैसे पडलेत ना?"

इथून भांडण सुरू झालं.

गटात आम्ही चौदा जणी. आपापसात कर्ज देतो, त्याचं व्याज जमतं, दिवाळीला वाटून घेतो. त्या वर्षी एकवीस हजारांच्या वर जमलं होतं. सहलीचं नक्की होत आलं आणि त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका ताईंच्या मुलीचं नर्सिंगला नाव लागलं. फीचा पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा. ताईंचं आधीचं कर्ज फिटलेलं नव्हतं आणि गटाचा नियम असा की जुनं फिटल्याशिवाय नवीन नाही. मग बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाला, पोरीचं शिक्षण आधी, सहल कसली? दुसरा म्हणाला, दर वर्षी काहीतरी असतंच. मागच्या वर्षी पत्रे उडाले, त्याआधी सासऱ्यांचं ऑपरेशन. बाईच्या सुट्टीपुढे नेहमी काहीतरी जास्त गरजेचं उभं राहतं आणि मग सुट्टी कधीच येत नाही. ही दुसऱ्या तटातली वहिनी बोलता बोलता रडली. आम्ही तिला चौदा वर्षं ओळखतो, तिला रडताना पाहिलं नव्हतं.

शेवटी नियम मोडला. ताईंना कर्ज दिलं, सहल जानेवारीवरून फेब्रुवारीत ढकलली, व्याजाच्या उरलेल्या पैशात प्रत्येकीने हजार-हजार घालायचे ठरलं. ताई म्हणाल्या, "मी येणार नाही. तुमचे पैसे अंगावर घेऊन बोटीत कशी बसू?" आम्ही पुष्कळ समजावलं. त्या आल्या नाहीत. दोघी घरच्यांनी नको म्हटलं म्हणून गळाल्या. राहिलो अकरा.

कुठे जायचं याला मात्र वाद नव्हता. फ्रान्समध्ये जे आहे त्यातलं निम्मंअर्धं कल्याणहून अडीच-तीन तासांवर आहे. नाशिकला गोदावरीवर गंगापूर धरण आहे. 1965 साली पूर्ण झालेलं मातीचं धरण, नाशिक शहर मुख्यतः त्याचंच पाणी पितं. त्याच्या जलाशयाच्या आसपास द्राक्षांचे मळे आणि वायनरी आहेत, आणि जलाशयावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब. कालव्यातून बोट जाईल असं काही आपल्याकडे नाही. नाशिक जिल्ह्यात कालवे आहेत, इंग्रजांच्या काळातला नांदूर मधमेश्वरचाही आहे, पण ते पिकाचे. आवर्तन सुटलं की वाहतात, बंद झालं की पोरं क्रिकेट खेळतात. तर धरणावरची बोट आम्हाला पुष्कळ झाली.

घरी काय सांगितलं ते खरं खरं सांगतो. अर्ध्या जणींनी सांगितलं, पंचवटीला देवदर्शनाला चाललोय. ते खोटंही नव्हतं, रामकुंडावर गेलोच आम्ही आणि मुक्काम पंचवटीतल्या धर्मशाळेत केला. द्राक्षांचं तेवढं गाळलं.

सकाळची लोकल धरून कल्याण, कल्याणहून तपोवन एक्स्प्रेस. कसारा घाटात गाडीला मागून इंजिन लावतात, ते बघायला आमच्यातल्या आजी दारापर्यंत गेल्या. वय अडुसष्ट. आयुष्यभर याच लाइनवर राहिल्या आणि घाट चढून वर पहिल्यांदाच आल्या. नाशिक रोडला उतरल्यावर गाडी ठरवली, दोन दिवसांची, आणि थेट मळ्यांकडे.

इथे दुसरं भांडण होतं ते आम्ही घरूनच घेऊन आलो होतो. वायनरीत जायचं की नाही? आमच्यातल्या एकीचा नवरा दारूने गेला. दुसरीचा अजून पितो. दोघींनी माहेरच्या गावी आडव्या बाटलीला मत दिलंय, म्हणजे बायकांनी मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करायची जी सोय आपल्या राज्यात आहे ती. त्यांना म्हणायचं, चला वाईन कशी करतात बघू या? काहींचं म्हणणं, वाईन आणि देशी एक नाही. जिचा नवरा गेला ती वहिनी एवढंच म्हणाली, "घरात सुरुवात कशाने झाली हे मला कुणी शिकवू नका." त्यावर आम्ही गप्प बसलो. ठरलं की ज्यांना जायचं त्यांनी जावं, ज्यांना नाही त्यांनी बाहेर मळ्यात थांबावं. कुणी कुणाला बोलायचं नाही.

सहा जणी आत गेलो. या भागात राजीव सामंत यांनी 1997 साली वाईनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या आणि 2000 साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. त्यानंतर एकेक करत बऱ्याच जणांनी सुरू केलं. आम्ही गेलो ती दुसरी, लहान वायनरी. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचा हंगाम. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबरच्या सुमाराला तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. क्रेट भरभरून येत होते, यंत्रात देठ वेगळे, मणी वेगळे. पांढरी करायची तर रस काढून सालं बाजूला करतात, लाल करायची तर सालांसकट आंबवतात, रंग सालातूनच उतरतो. मोठाल्या स्टीलच्या टाक्या, बाहेरून थंड केलेल्या, कारण आंबताना उष्णता होते. आपण इडलीचं पीठ उन्हाळ्यात लवकर फसफसतं म्हणून जपतो ना, तसंच. शेवटी लहानशा ग्लासात चव बघायला दिली. चौघींनी नुसता वास घेतला. आजींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "कोकम सरबतात साखर घालायची विसरलेत." दाखवणारा मुलगा मनापासून हसला.

बाहेर राहिलेल्या पाच जणींनी खरी कमाई केली. रस्त्याच्या पलीकडे खायच्या द्राक्षांचा मळा होता आणि बांधावर बायकांची टोळी जेवायला बसली होती. सुरगाण्याकडच्या आदिवासी बायका. हंगामाला येतात, टोळीने काम घेतात, एकरावर ठेका. आमच्या पाच जणी त्यांच्यात जाऊन बसल्या, भाकरीला आमच्याकडचा ठेचा दिला. मग त्या सांगायला लागल्या. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. घड लागले की विरळणी. म्हणजे काय, तर घडातले जास्तीचे मणी लहान कात्रीने एकेक करून काढायचे, म्हणजे उरलेले मणी टपोरे होतात. हात वर करून, मान वर करून दिवसभर. मग घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मग ऊन लागू नये म्हणून कागद गुंडाळायचा. त्यातली एक म्हणाली, "ताई, वाईनच्या द्राक्षाला एवढे लाड नसतात. ती बारीकच चांगली. खायच्या द्राक्षाला मणी मणी मोजावा लागतो." तिने कात्री दाखवली. आमच्या वहिनीने पिशवीतून आपली काढून दाखवली. सहलीला धागे कापायची कात्री कशाला आणली होती, देव जाणे. सवय! दोघींच्या अंगठ्याच्या मुळाशी एकाच जागी घट्टा होता.

तिला विचारलं, धरणावरच्या बोटीत कधी बसलीस का? ती म्हणाली, पाच हंगाम येतेय, लांबून दिसते बोट. काम संध्याकाळी सुटतं, मग टेम्पो थांबत नाही.

आम्ही त्यांना म्हटलं, चला आमच्याबरोबर, तिकीट आम्ही काढतो. त्या हसल्या. जेवणाची सुट्टी संपली होती. ही गोष्ट आम्ही रेडिओवर सांगावी की नाही यावर काल रात्री परत वाद झाला. तेवढं विचारून आम्ही मोठं काही केलं असं वाटायला नको, असं एकीचं म्हणणं. ते खरंच आहे. पण सांगितलं नाही तर सहल अर्धीच सांगितल्यासारखं होईल.

दुपार उलटल्यावर बोटीत बसलो. लाइफ जॅकेट घातली, नारिंगी रंगाची, आजींना ते छातीवर आवळत होतं. बोट निघाली आणि पहिली पाच मिनिटं आमची नुसती आरडाओरड. मग शांत झालो. पाणी, लांबवर डोंगर, काठाला हिरवे पट्टे. वास कसलाच नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या ओळखीचं पाणी म्हणजे वालधुनी. शिवमंदिराशेजारून जाणारी, पुढे उल्हासनगर, मग उल्हास नदी. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ते मंदिर बांधलं त्यांनी नदीकाठ बघून जागा निवडली असणार. आज तिथून जाताना आपण पदर नाकाला लावतो. गंगापूरच्या पाण्यात आमच्यातल्या एकीने हात बुडवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

आणि मग हातांचं काय करायचं हा प्रश्न आला. खरं सांगतो मैत्रिणींनो, रिकामे हात मांडीवर ठेवून बसायची आम्हाला सवयच नाही. एकीने पिशवीतून चिवडा काढला, वाटायला उठली. दुसरी म्हणाली, "बस की गं!" ती बसली, परत उठली. तिसरीने वाऱ्याने उडणारी सगळ्यांची तिकिटं गोळा करून नीट घडी घातली. फ्रान्सच्या बोटीवर त्या बायका आठवडाभर कशा बसतात, त्यांना सुचतं तरी काय, असं आम्हाला तिथे वाटलं. बोट काठाला लागली तेव्हा कुठे आम्ही सैल होत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला धर्मशाळेत आमच्यातल्या चौघी उठून बसल्या होत्या. सवयीने. एक तर पातेलं शोधायला बाहेर गेली. राखणदार काका म्हणाले, "ताई, इथे चूल नाही. कोपऱ्यावर टपरी आहे, सहाला उघडते." आम्ही अकराही जणी त्या टपरीसमोर ओळीने उभ्या राहिलो, अंधारात, शाली गुंडाळून. त्याने आलं ठेचलं, चहा उकळला, गाळला आणि एकेकीच्या हातात दिला. आम्ही काही केलं नाही. कप धुवायलाही त्याने हात लावू दिला नाही. दहा रुपये कप. आजी म्हणाल्या, लग्नानंतर सकाळचा पहिला चहा दुसऱ्याने केलेला हा पाचवा असेल. चार बाळंतपणं आणि हा.

परत आलो तेव्हा एकीच्या घरी दोन दिवसांची भांडी बेसिनमध्ये तशीच होती. एकीच्या नवऱ्याने खिचडी करून पोरांना घातली होती, थोडी लागली होती, पण केली होती. जिने घरी खोटं सांगितलं होतं तिचा फोटो शेजारणीने सासूला दाखवला, बोटीतला, नारिंगी जॅकेटमधला. आठवडाभर त्या घरात ताण होता. मग सासूबाईंनीच विचारलं, "पाणी खोल होतं का गं?"

हिशेब सांगून टाकतो, कारण आम्हाला तेच जास्त विचारलं जातं. गाडी, रेल्वे, धर्मशाळा, जेवणं, बोट मिळून माणशी 1,870 रुपये. त्यात हजार प्रत्येकीचे स्वतःचे, बाकीचे व्याजातून. दोन दिवसांत धागे कापायचं जे काम बुडालं ते यात धरलेलं नाही, आणि ते धरायला पाहिजे होतं. म्हणून गटाच्या वहीत आता एक नवा रकाना आखलाय, रजेचा. दर महिन्याला प्रत्येकीने तीस रुपये त्यात टाकायचे. जिची पाळी येईल तिने दोन दिवस सुट्टी घ्यायची आणि बुडालेल्या मजुरीतलं जमेल तेवढं या पैशातून घ्यायचं. चौदा जणींचे तीस म्हणजे महिन्याला 420. रक्कम लहान आहे, एका वेळी एकीलाच पुरेल. सगळ्या चौदा जणींची पाळी यायला सव्वा वर्ष लागेल. दोन जणींना ही कल्पना अजून पटलेली नाही. त्यांनी पैसे भरलेत, पण सही केलेली नाही.

पहिली पाळी नर्सिंगवाल्या ताईंची लावली. त्यांनी परत नाही म्हटलं. मग आजींनी त्यांना जे काही सुनावलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. ताई पुढच्या महिन्यात मुलीच्या होस्टेलवर दोन दिवस राहायला जाणार आहेत. बोट वगैरे काही नाही, त्यांना तिथेच जायचंय. तिथे मेस आहे, आणि मुलीने सांगितलंय की आईला स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाही.

ज्या गटांना नाशिकची गाडी, धर्मशाळा यांची माहिती हवी असेल त्यांनी शनिवारी दुपारी चारनंतर आमच्या बैठकीला या. येताना आपापली कामं घेऊन या, कात्र्या आमच्याकडे आहेत.